सोळा खटक्यांची हजेरी

सोळा खटक्यांपैकी निम्म्याहून जास्त खाली मान घालून बसलेले, हे हंबीररावाला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. तरी सहा महिने तो गप्प राहिला. पलटणीत सतरा वर्षं काढलेल्या माणसाला न पटणाऱ्या गोष्टींपुढं गप्प उभं राहायचं चांगलं वळण असतं. सकाळी आठला साखर कारखान्यात यायचं, चपला दाराबाहेर काढायच्या, यंत्राची खोली झाडायची, कपाटाएवढ्या त्या कॉम्प्युटरवर कोरडं फडकं फिरवायचं, आणि शेवटी त्याच्या तोंडावरच्या खटक्यांच्या ओळीवरून फडकं एकेक करत, अलगद पुढं न्यायचं. हे करताना त्याचे ओठ हलत. यंत्र चालवणाऱ्या अनंताला वाटे, हवालदार मारुतिस्तोत्र म्हणतात.

पण उद्या हंगामाची पहिली उसाची मोळी पडायची होती. चेअरमन अण्णा आणि संचालक मंडळ यंत्र बघायला येणार होते. अण्णांच्या हस्ते बटण दाबलं जाणार आणि तोडणीची यादी, म्हणजे कुणाचा ऊस कोणत्या तारखेला तोडायचा त्याचा कार्यक्रम, छापून बाहेर पडणार. साहेब लोक तपासणीला येणार म्हटलं की हंबीररावाचे हात शिवशिवत. त्यानं खुर्च्या सुतळी धरून एका रेषेत मांडल्या, टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणं लावल्या, पडद्याच्या चुण्या मोजून सारख्या केल्या. मग त्याची नजर खटक्यांवर गेली. एक वर, तीन खाली, एक वर, असा सगळा कारभार. तपासणीच्या दिवशी अशी रांग दाखवली असती, तर त्याच्या सुभेदारानं त्याला उभा सोलला असता.

"दहिने सज," हंबीररावानं रांग सरळ करायचा कवायतीतला हुकूम पुटपुटला, आणि खाली होते तेवढे खटके एकेक करून त्यानं वर उभे केले.

दोन पावलं मागं सरून त्यानं बघितलं. सोळाच्या सोळा ताठ. त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की दार ओढून घेताना त्यानं पुन्हा एकदा आत डोकावून घेतलं.

हंबीरराव कारखान्यात तीन वर्षं रोजंदारीवर होता. येत्या सोमवारी मंडळाच्या बैठकीत त्याला कायम करायचा ठराव होता. कायम होणं म्हणजे पितळी बिल्ला, खाकी कापड आणि आजारी पडायची सोय. रोजंदारीच्या माणसाला ताप परवडत नाही. त्याचा अर्ज शेती खात्यातले हेडक्लार्क लालासाहेब यांनी लिहिला होता. कामावर लावून घेतलं होतं तेही त्यांनीच. हंबीररावाची सही सुबक होती, पण सहीपलीकडं त्याचं अक्षर फारसं जात नसे. त्यामुळं त्याचं जे काही लिहायचं ते लालासाहेब लिहीत, आणि लिहिता लिहिता त्याची यथेच्छ टिंगल करत.

दुसऱ्या दिवशी मोळी पडली, नारळ फुटले, पेढे वाटून झाले, आणि अकरा वाजता अण्णांनी वहाणा काढून यंत्राच्या खोलीत पाऊल टाकलं. अण्णा बोलायचे थोडं आणि ऐकायचे त्याहून थोडं.

"ह्या यंत्राला भावकी न्हाई," अण्णा म्हणाले. "ह्येला पावनंरावळं न्हाईत. ज्येचा ऊस आदी लागला, त्येचा आदी तुटनार."

यंत्राला माहिती पुरवणाऱ्यांना मात्र भावकी असते, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सगळ्यांना माहीतच होतं.

अनंतानं पांढऱ्या बटणाकडं बोट केलं. अण्णांनी अंगठ्यानं ते दाबलं. एक तांबडा दिवा लागला, आणि लागून राहिला.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा, आता छापायला लागेल," अनंत म्हणाला.

सगळे थांबले. खोली गार ठेवणारं धूड तेवढं घुरघुरत होतं.

"आमच्या पंपाचं असंच हुतं," मागून एक संचालक म्हणाले. "पयलं वरनं पानी वतावं लागतंय."

अनंत सांगलीच्या गावभागातला, चोवीस वर्षांचा. पुण्यात चार दिवसांचं शिक्षण घेऊन आलेला. मुंबईचा इंजिनिअर यंत्र बसवून जाताना त्याला एवढंच सांगून गेला होता, की पांढरं बटण सोडून कशाला हात लावायचा नाही. त्यानं तो लावला नव्हता. त्यामुळं त्याला पांढरं बटणच येत होतं. ते त्यानं एकवीस वेळा दाबलं.

मग कारखान्याचा वायरमन अर्जुना आला. त्यानं फ्यूज बदलला. बदललेला काढून पुन्हा जुना घातला. मागची फळी उघडून उंदीर बघितला. उंदीर नव्हता.

"करंट चोख हाय अण्णा," अर्जुना घाम पुसत म्हणाला. "दिवा लागतुया न्हवं?"

"दिवा देव्हाऱ्यातबी लागतुया," अण्णा म्हणाले. "यादी निगती का त्यातनं?"

हंबीरराव दाराशी सावधान उभा होता. खटके सरळ केले, ही गोष्ट त्याच्या मनात एकदा येऊन गेली, पण थांबली नाही. पट्टा आवळला म्हणून कुणी शिपाई मरत नाही.

बाहेर जतकडच्या आणि म्हसवडकडच्या तोडणीवाल्या टोळ्या बैल सोडून बसल्या होत्या. यादी नाही म्हणजे तोडायला उसाचा फड नाही, आणि फड नाही म्हणजे मजुरी नाही. बारा वाजता त्यांचे मुकादम ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन बसले. साडेबाराला तंबाखू मळायची थांबवून नुसतेच बसले. हे लक्षण चांगलं नव्हतं.

अशा वेळी लालासाहेब कागदांचा गठ्ठा घेऊन आले. एकोणीस वर्षं तोडणीची यादी त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या सहा कारकुनांनी हातानं केली होती. कॉम्प्युटर आला त्या दिवशी ते सगळ्या ऑफिसात ऐकू जाईल असं म्हणाले होते, "सात मानसांची भाकरी खाऊन ह्ये कपाट ढेकर देनार, बगा."

"अण्णा, टोळ्या खोळंबल्यात," लालासाहेब हसत म्हणाले. "यादी पायजे न्हवं? ही घ्या. तांबड्या शाईनं आखून दिलीया."

अण्णांनी वीसच्या वीस ताव चाळले. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, असे उसाचे सगळे प्रकार. लागणीच्या तारखा, गट नंबर, सगळं मोत्यासारखं.

"कवा केली ही?"

"म्हयनाभर घरी करत हुतो. सवय, दुसरं काय! नवरात्र जवळ आलं की हातच ऐकत न्हाई."

"मशीन असतानाबी केली?"

"व्हय."

"म्हंजे मशीन चालनार न्हाई, ह्ये तुमाला म्हयनाभर आदीच ठावं हुतं."

लालासाहेबांचं हसू होतं तिथंच राहिलं. ते पुसावं की ठेवावं, हे त्यांना कळेना.

चार वाजता मुंबईचा ट्रंक कॉल लागला. ट्रंक कॉलवर बोलायचं म्हणजे मुंबईला तारेशिवायही ऐकू जाईल इतपत ओरडायचं, आणि पलीकडचं नीट कळलं की नाही याची खात्री करायला तेच परत ओरडायचं. त्यामुळं अनंताचं बोलणं वजनकाट्यापर्यंत गेलं.

"इंजिनिअर कलकत्त्याला? दहा दिवस? बरं! काय? समोरचे खटके? सोळा खटके! त्यांच्यावरून यंत्राला कळतं, वाचायला कुठून सुरुवात करायची! कुणीतरी हलवले असतील? क्रम बिघडला की सुरू होत नाही! प्रत्येक यंत्राचा क्रम निराळा! आमचा पुस्तकात लिहिलाय! पेन्सिलीनं! बरं! बरं! हॅलो!"

हंबीररावाच्या हातात चहाचा ट्रे होता. तो दारातच थांबला. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, तसा तो ट्रे घेऊन परत फिरला. चहा कुणी प्यायलंच नाही.

"हलिवलं असतील न्हवं, हलिवल्यात," अण्णा म्हणाले. "आन् कुनी हलिवल्यात, त्येची यादी मला हातानं लिवून मिळालीया. खोलीला कुलूप लावा. वर लाख लावून मोहर मारा. पुस्तक येईपातूर आत माशी जाता कामा नये. हवालदार, पहाऱ्याला तुमी."

अशा रीतीनं, आत जाऊन दोन मिनिटांत सगळं होतं तसं करावं, असं ज्या एका माणसाला वाटत होतं, त्यालाच आत कुणी जाऊ नये म्हणून बाहेर उभं करण्यात आलं.

सहाच्या सुमाराला लालासाहेब सायकल घेऊन निघाले, ते त्याच्यापाशी थांबले.

"हंबीर, लेका, रोज आत तूच असतोस. कोन गेलतं का रं आत?"

"न्हाई जी."

"मग बटनं काय वाऱ्यानं हलली?"

हंबीररावानं लाखेच्या मोहरेकडं बघितलं.

"म्या एक वेळ तोंडानं बोललो, ह्योच माजा गुना," लालासाहेब म्हणाले. "उद्या मला सस्पेंड करत्यात बग. त्ये जाऊ दे. तुजी कायमची शिफारस मी काल लिवून दिलीया, त्यावर माजी सई हाय. तवा तू माज्याबरुबर जास्ती बोलत उबा ऱ्हाऊ नगंस. तुलाबी वडतील. कळलं का?"

"व्हय जी."

"आन् पोट आत घे. पहाऱ्याला उबा हाईस का डोहाळजेवनाला?"

एवढं बोलून ते गेले. त्यांनी शिवी दिली असती, तर हंबीररावाला रात्री भाकरी गोड लागली असती.

पुस्तकाची निराळीच तऱ्हा झाली होती. ते यंत्राबरोबर सुट्या पानांचं आलं होतं, आणि कारखान्याच्या भांडार विभागाचा नियम असा, की शंभर पानांवरचा कोणताही सुटा कागद बांधून घेतल्याशिवाय नोंदवायचा नाही. म्हणून ते पंधरा दिवसांपूर्वी सांगलीला बाइंडरकडं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी जीप काढायला लावली आणि पहाऱ्याला दुसरा माणूस देऊन ते आणायला हंबीररावालाच पिटाळलं. सबंध वाटेत हंबीरराव देवाकडं एकच मागत होता: पेन्सिलीचं लिहिलेलं सापडू दे. ते सापडलं की यंत्र चालू होणार, लालासाहेब सुटणार, आणि सोमवारी आपण कायम होणार. तिन्ही पाखरं एका पुस्तकात होती.

बाइंडरनं पुस्तक दोन्ही हातांवर घेऊन पुढं केलं. हिरवं कापड, जाड पुठ्ठा, पाठीवर सोनेरी रेघ.

"कडा बगा हवालदार, कडा! साला लय वंगाळ कागद हुता, वरखाली. तिन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच छाटला. आता बोट फिरवाल तर कापंल!"

"त्येच्यावर बाजूला पेन्सिलीनं काय लिवलं हुतं का?"

"हुतं की. कुणीतरी समासात घाण करून ठेवली हुती. सगळी काढली."

"ती छाटलेली कागदं कुटं हायेत?"

बाइंडरनं हसून शेगडीकडं बोट दाखवलं. शेगडीवर खळीचं पातेलं रटरटत होतं, आणि खाली कागदाच्या लांब, पांढऱ्या चिरफळ्या निवांत जळत होत्या. हंबीरराव गुडघ्यावर बसला आणि त्यानं हातानं तीन चिरफळ्या बाहेर ओढल्या. एका चिरफळीवर पेन्सिलीची अर्धी रेघ होती. ती कशाचीही असू शकत होती.

कारखान्यावर अनंतानं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा उलटलं. मग त्यानं एका कोऱ्या कागदावर गुणाकार मांडला.

"अण्णा, सोळा खटके, प्रत्येकाच्या दोन जागा. एकूण पासष्ट हजार पाचशे छत्तीस प्रकार होतात. मिनिटाला एक करून बघितला, रोज आठ तास, तर एकशे सदतीस दिवस लागतील."

अण्णांनी बोटांवर महिने मोजले. "म्हंजे शिमग्यापातूर."

"सुट्टी न घेता," अनंत म्हणाला.

"आन् हंगाम संपतुया कवा?"

"शिमग्याच्या पुढं-मागंच."

बाहेर टोळ्यांपैकी दोन सकाळी उठून दुसऱ्या कारखान्याकडं गेल्या होत्या. लालासाहेबांची यादी टेबलावर पडली होती. ती वापरली असती, तर टोळ्या कालच फडात गेल्या असत्या. पण ती आता पुरावा होती, आणि पुराव्यावरून ऊस तोडता येत नाही.

"लालासायबांना बोलवा," अण्णा म्हणाले. "आन् टायपिष्टाला. निलंबनाचा हुकूम काढायचा. चौकशी लावा. मंग बटनं आपोआप आठवतील त्यास्नी."

लालासाहेब आले आणि टेबलासमोर उभे राहिले. टायपिस्टनं कार्बन घातला. हंबीररावानं कोपऱ्यातून त्यांच्या पाठीकडं बघितलं. कोट नेहमीसारखा कोपरावर विटलेला होता. टाइपरायटरच्या दोन ओळी झाल्या.

"मी केलं," हंबीरराव म्हणाला.

टायपिस्ट थांबला. अण्णांनी मान वळवली.

"काय केलं?"

"परवाच्या दिशी. तपासनी हुती म्हनून रांग सरळ केली. वाकडीतिकडी दिसत हुती."

"हवालदार," अण्णा सावकाश म्हणाले, "लालासायबांनी तुमाला चिकटवलंया, ह्ये मला ठावं हाय. इमान बरं असतंय. पर खोटं बोलू नगा. सोमवारी तुमचं काम हाय मंडळापुढं."

"त्ये ऱ्हाऊ द्या अण्णा. बटनं मी वर केली. सगळी."

"बरं. मग हुती तशी करा बगू."

"करतो. कुलूप काढा."

अनंत मधे पडला. "हवालदार, अहो, पासष्ट हजार प्रकार आहेत."

"मला एकच ठावा हाय, सायेब," हंबीरराव म्हणाला.

लाख फोडली. खोलीत अण्णा, अनंत आणि हंबीरराव गेले. लालासाहेब आरोपी म्हणून उंबऱ्याशी थांबले. हंबीरराव खटक्यांपासून तीन पावलांवर सावधान उभा राहिला.

"अनंतराव, मी म्हनंन तसं करा. डावीकडनं. पयला, कोंडीबा. वर. दुसरा, येसू. खाली. तिसरा, बाळकू. खाली. चवथा, तातोबा. खाली."

"ही नावं कुनाची?" अण्णांनी विचारलं.

"पासष्टच्या लढाईत पंजाबात उसाच्या रानात माज्यासंगं शिरल्याली. ती सोळा हुती. मी सतरावा." त्याची नजर खटक्यांवरून हलली नाही. "पयल्या दिशी फडकं मारताना मोजली, तर हीबी सोळा. मग वर हुती त्यास्नी जित्यांची नावं दिली, खाली हुती त्यास्नी गेल्यालांची. रोज हजेरी घ्यायचो. पाचवा, ज्ञानू. वर. त्येचं गुऱ्हाळ हाय आता."

अनंताचं बोट एकेक खटका ओलांडत चाललं. कुणी वर, कुणी खाली. मेलेले हंबीररावाच्या तोंडून जिवंतांइतकेच झटपट येत होते.

"दहावा, खाशाबा. खाली. अकरावा, नाथाजी."

तो थांबला.

"अकरावा वर का खाली?" अनंतानं विचारलं.

"नाथाजी गावला न्हाई."

"गावला न्हाई म्हंजे?" अण्णा म्हणाले.

"मेल्यांत गावला न्हाई, जित्यांत गावला न्हाई. सरकारनं बेपत्ता लिवलंया. सात जितं, आठ मेलेलं, ह्यो एक उरला. म्हनून उरल्यालं बटन त्येला दिलं."

"पर ते हुतं कुटं?"

"त्याच्यावरनं फडकं नेताना मी तिकडं बगत नव्हतो, अण्णा. परवाबी न बगताच अंगठा वर वढला."

अण्णांचा आवाज चढला. "अरं, वर न्हाईतर खाली! दोनच तर जागा हायेत!"

"बटनाला दोन हायेत," हंबीरराव म्हणाला. "मानसाला तिसरीबी असती."

उंबऱ्याशी लालासाहेब पायाचं ओझं बदलून उभे राहिले. नाथाजीची आई राहीबाई जतकडच्या एका वस्तीवर राहत असे. दर दिवाळीला हंबीररावातर्फे तिला कार्ड जाई, 'शोध चालू आहे'. तेरा वर्षं शोध चालू होता, म्हणजे कार्डं चालू होती. शेवटची तीन लालासाहेबांच्या हातची होती.

"वर ठिवा," हंबीरराव म्हणाला.

उरलेले पाच पटापट झाले. अनंतानं पांढरं बटण दाबलं. तांबडा दिवा लागला, आणि लागून राहिला.

चौघंही अकराव्याकडं बघत होते. अनंतानं बोट पुढं केलं, पण अण्णांनीच त्याचं मनगट धरलं. कमी ऐकणाऱ्या माणसालाही कधीकधी ऐकू जातं.

"हंबीर," उंबऱ्यावरून लालासाहेब हळूच म्हणाले. "खाली घे, लेकरा."

हंबीरराव तीन पावलं पुढं गेला. त्यानं खटक्यावर बोट ठेवलं. खटका हलका होता. दाबायला काहीच जोर लागला नाही. मग तो तीन पावलं मागं येऊन पुन्हा सावधान झाला.

अनंतानं पांढरं बटण दाबलं. तांबडा दिवा विझला, हिरवा लागला, आणि छापायचं यंत्र असं खडखडायला लागलं, की बाहेर मुकादम उठून उभे राहिले. कागद हातभर, पुरुषभर, खोलीभर आला. अण्णांनी तो फाडून बाहेर नेला. टोळ्यांनी आरोळी ठोकली, बैल जुंपले, आणि अर्ध्या तासात आवार मोकळं झालं. हंबीरराव तिथंच उभा होता. त्याला कुणी विश्राम म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णांनी त्याला बोलावून घेतलं. हंबीरराव फडकं आणि खोलीची किल्ली घेऊनच गेला, जमा करायला.

"मंडळापुढं काय सांगू?" अण्णा म्हणाले. "येवढ्या किमतीचं मशीन शिपायाच्या फडक्यानं बंद पडलं, म्हनून? सभासद मला जोड्यानं मारतील. त्यापरीस असं सांगतो, की मुंबईच्या इंजिनिअरला जमलं न्हाई, ते आमच्या हवालदारानं चालू केलं. तुमी कायम. किल्ली खिशात टाका."

"आन् लालासायब?"

"त्येंच्यावर काय आरोप हाय आता? त्ये निर्दोष. कागद फाडला."

हंबीरराव बाहेर आला, तेव्हा त्याला दोन दिवसांत पहिल्यांदाच भूक लागली होती.

महिना गेला. पितळी बिल्ला आला. यंत्र रोज सकाळी पहिल्या दाबाला चालू होऊ लागलं, आणि ते इतकं भरवशाचं निघालं, की मंडळानं पुढचं पाऊल उचललं. एका गुरुवारी दुपारी चारला हंबीररावाच्या हातात सात पाकिटं आणि पोचवही देण्यात आली. पाकिटांवरची नावं यंत्रानंच छापली होती. आत काय आहे, हे त्याला टायपिस्टच्या तोंडावरून कळलं.

तो शेती खात्यात गेला आणि लालासाहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. लालासाहेबांनी चष्मा चढवला, त्यांच्या नावाचं पाकीट फोडलं, वाचलं, घडी घातली.

"एक म्हयन्याची नोटीस," ते म्हणाले. "शेती खात्यातली सात पदं कमी. मशीन समाधानकारक चालतंय, सबब."

"म्या... मला ठावं नव्हतं, लालासायब."

"तुला कदी काय ठावं असतंय?" लालासाहेबांनी दौतीचं झाकण लावलं. "निलंबन झालं असतं, तर चौकशी लागली असती. आपल्या हितली चौकशी म्हंजे चार वर्सं. तवर घरी बसून अर्दा पगार. मग रिटायर व्हायला वर्सं दोन राह्यली असती, तीबी कशीबशी काडली असती. त्वा मला निर्दोष सोडवलंस, हंबीर. आता मला काडायला कायबी अडचन न्हाई."

हंबीररावानं पोचवही पुढं केली, कारण हातात तेवढीच वस्तू होती. लालासाहेबांनी सही करायला घेतली, आणि त्यांची भुवई वर गेली. त्यांनी वहीतली नावं वरपासून खालपर्यंत वाचली.

"ह्यो क्रम कुनी लावला? मी पाचवा?"

"मशीननं. इंग्रजी अक्षरानं लागत्यात, असं अनंतराव म्हनत हुते."

"एकोनीस वर्सं झाली मला. ह्या खात्यात माज्या आदी कुनी न्हाई. आन् काडायच्या वक्ताला माज्या आदी चार जन? त्यातला पयला तर अजून चार वर्सांचाबी न्हाई! सेवाज्येष्ठता म्हनून काय हाय का न्हाई?" ते खरोखरच चिडले होते, पत्र वाचताना चिडले नव्हते एवढे. "दे हिकडं."

त्यांनी सहा पाकिटं टेबलावर पसरली, कामाला लागल्याच्या तारखा तोंडानं म्हणत त्यांची फेरमांडणी केली, आणि वहीत तांबड्या शाईनं नवे आकडे घातले. स्वतःच्या नावापुढं एक. मग कोट झटकून उठले.

"तू नुसती वही धर. मी देतो. तुज्यानं तोंड वर हुयाचं न्हाई."

ते टेबलामागून टेबल हिंडले. प्रत्येकापाशी थांबले, घरचं विचारलं, सही कुठं करायची ते दाखवलं. सगळ्यात नवा कारकून खिडकीपाशी बसे. त्याचं लग्न होऊन तीनच महिने झाले होते. त्याची पाळी नियमाप्रमाणं शेवटी आली, साडेपाचला, ऑफिस सुटता सुटता. लालासाहेबांनी त्याचं पाकीट हातात घेतलं, घड्याळाकडं बघितलं, आणि ते हंबीररावाच्या खिशात परत कोंबलं.

"येळ संपली," ते म्हणाले. "ह्येचं उद्या."